कागद नसलेले मासे

साहेब संत्रं सोलत होते. साल मध्ये कुठे तुटू न देता काढायची त्यांची सवय सगळ्या कचेरीला माहीत होती, आणि ती पुरी निघेपर्यंत समोरच्यानं बोलायचं नसतं हेही. अनसूया सोवनी खुर्चीच्या कडेवर बसून त्या सालीकडे बघत राहिली. साल टेबलावर पडली आणि कारखानीससाहेब म्हणाले, "ते पाच नंबरचं तळं रिकामं करून टाका, सोवनीबाई. नवं मत्स्यबीज यायच्या आत. बीज सोडायला मुंबईचे पाहुणे येताहेत, त्यांच्या जेवणाला मासे लागतीलच, बाहेरून कशाला आणायचे?" मग त्यांनी एक फोड तिच्यापुढे केली. तिनं ती घेतली. नंतर पुष्कळ दिवस तिला याचंच नवल वाटत राहिलं, की ते वाक्य कानांवर पडल्यावर आपण हात पुढे केला, फोड तोंडात घातली, बी काढून मुठीत धरलं, आणि फोड जरा आंबट आहे असं आपल्याला वाटलंसुद्धा.

तिनं वाद घातला नाही असं नाही. ती म्हणाली की त्या तळ्यातले मासे सहा पावसाळे निवडत आणलेले आहेत. मुळशीच्या गार पाण्यात दुसरीकडचे मासे खुरटतात, हे वाढतात. येत्या पावसाळ्यात पहिल्यांदाच त्यांचं बीज गावतळ्यांना देता येईल. साहेब ऐकत होते, म्हणजे फोडींवरचे पांढरे दोरे काढत होते. मुळात ते मासे आले कुठून, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं आणि त्याला उत्तर नाही हेही. तिच्या आधीच्या अधिकाऱ्यानं ते कलकत्त्याकडून आगगाडीनं डब्यांतून आणवले होते. कुठल्या नदीतले, कुठल्या वर्षी किती, कुणी धरलेले, ते सगळं नदीकाठच्या जुन्या कचेरीत लिहिलेलं होतं आणि पुराच्या साली त्याचा चिखल झाला. तो अधिकारी त्याच वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. तळं तिच्या ताब्यात आलं तेव्हा त्यात कटला होते, रोहू होते, मृगळ होते. आणि कटल्याचं थोराड डोकं नि रोहूचे झालरीसारखे ओठ घेऊन फिरणारे, कुठल्याच जातीत न बसणारेही होते. "नवं बीजही कुणीतरी नदीतूनच धरलेलं असणार, साहेब," ती म्हणाली. "त्याच्याबरोबर कागद आहे," साहेब म्हणाले, "तुमच्या माशांना कागद नाही." ते रागावून बोलले नव्हते. चाळिशी पार केलेल्या मुलीचं लग्न आता कसं जमणार, हे तिच्या बापाला ज्या मवाळपणानं सांगतात, तसं ते म्हणाले. ती दारापर्यंत गेल्यावर त्यांना आठवलं. जेवणाकडेही तिनंच लक्ष द्यावं, बाईमाणसाची नजर असली की सगळं नीट होतं.

ती बसला थांबली नाही. लकडी पुलावरून चालत निघाली. सायकलींच्या घंटा, टांग्याच्या घोड्याचा उग्र वास, पुलाखालचं पाणी थंडीत बारीक होऊन गेलेलं. मुठीत अजून ते बी होतं. ते टाकून द्यावं हे तिच्या लक्षात येत होतं आणि तरी ती ते धरून चालत होती. रिकामं करायचं. घागर रिकामी करतात, खोली रिकामी करतात. तिला पहिला पावसाळा आठवला. पौडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, खाचरांच्या शेजारी खणलेली मत्स्यबीज केंद्राची ती तळी. तिथल्या खोलीत एक खाट, एक मोडका तराजू आणि जाळं ओढणारा कोंडिबा. मासा आठ-दहा शेरांचा झाला तरी त्याच्या अंगावर तो कुणाचा हे लिहिलेलं नसतं. सगळे चार-दोन आईबापांचेच असले तर? मग भावाबहिणींची पिल्लं होणार, त्यांची पुन्हा त्यांच्यातच, आणि दर पिढीला मासा लहान, कमजोर होत जाणार. पहिल्या वर्षी तसंच झालं. हाप्यात, म्हणजे पाण्यात चार बांबूंना बांधलेल्या कापडी हौदात, तिनं सुई टोचून मासे विणवले. अंडी फुटली, महिन्याभरात पिल्लं बोटाएवढी झाली, आणि त्यांतल्या कितीकांचे कणे विळ्यासारखे वाकडे निघाले. कोंडिबानं ती बांधावर फेकली. घारी उतरल्या. ती खाटेवर बसून राहिली होती. बाहेर चिरकणाऱ्या घारी ऐकताना तिनं ठरवलं होतं, की यांचं मागचं माहीत नसेल तर नसो, पण इथून पुढचं आपल्याला माहीत असेल.

तिथून सगळं सुरू झालं. एका जोडीची पिल्लं वेगळी वाढवायची, पोटाखालचा डावा पर कातरायचा. दुसरीची उजवा. तिसरीची शेपटीची खालची पाकळी. वाकडी, खुरटी काढून टाकायची, गार पाण्यातही जी झपाट्यानं वाढतात ती ठेवायची, आणि विणीच्या वेळी डाव्या परवाल्यांची मादी उजव्या परवाल्यांच्या नराबरोबर सोडायची. कोंडिबानं त्यांना डावे, उजवे आणि शेपटे अशी नावंच पाडली. आमच्या भावकीत बी इतकं बघत न्हाईत, असं तो म्हणे, आणि जाळं ओढताना एखादी थोराड मादी हाताला लागली की, ही उजव्यांची थोरली, हिला चांगलं घर बघा, असं तिला सांगे. ती हसत असे. पुण्याच्या घरात ती अशी कधी हसली नव्हती. घरून पहाटे निघायचं, भूगाव, पिरंगुटचा घाट, पौडच्या स्टँडवर उतरून पुढे चालायचं, आणि पाण्याजवळ आलं की अंगातलं काहीतरी सैल व्हायचं. पाण्याचा तो शेवाळी, किंचित गोडसर वास. सकाळच्या उन्हात वर येऊन पुन्हा खाली जाणाऱ्या काळ्या पाठी. त्या पाठींतली कुठली कुणाची हे जगात तिला आणि कोंडिबाला माहीत होतं.

आणि तिनं त्यासाठी काय दिलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मासे विणवायच्या सुईत जो अर्क भरतात तो दुसऱ्या माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून निघतो. म्हणून भर पावसात ती पिशवी घेऊन मासळीबाजारात जाई. कोळणी तिच्यासाठी मोठी डोकी बाजूला ठेवत. तिथेच, सुपारीच्या फुलांचं पातळ नेसलेल्या एका बाईनं छत्रीखालून तिच्याकडे टक लावून बघितलं होतं. पुढच्या आठवड्यात नागपूरकडच्या स्थळाचा निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका आठ दिवसांत कशी बिघडली ते शेजारच्या बिऱ्हाडातून कळलं. सोवन्यांची मुलगी बाजारात माशांची मुंडकी घेत होती. म्हणजे त्यांच्याकडे चालतं की काय, असं त्या बाईंनी विचारलं होतं. आईनं तेव्हा आरडाओरडा केला नाही. ती नुसती म्हणाली, "तू तर खातसुद्धा नाहीस गं." त्या वाक्यात कीव होती की तक्रार हे अनसूयेला आजवर कळलेलं नव्हतं. नंतर स्थळं येईनाशी झाली. ती तिशी ओलांडून गेली, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं फार वाईटही वाटलं नाही. सोयरिकी जुळवायचं काम तिला पुरेसं होतं. हा विनोद तिचा तिनंच केला होता आणि कुणाला सांगितला नव्हता.

घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं, की तळं रिकामं करायला सांगितलंय. आई तांदूळ निवडत होती. "बरं झालं, सुटलीस एकदाची," ती म्हणाली. "आता पुण्यात बदली मागून घे." आईचा आवाज खरा होता, मायेचा होता. अनसूया आत जाऊन कपडे न बदलता पडून राहिली. आढ्याकडे बघताना तिच्या मनात आलं, की उद्या आपण गेलोच नाही तर काय होईल? दुसरं कुणीतरी जाळं टाकायला सांगेल. तेवढंच. आपण तिथे नसलो तरी ते होणार आहे, आणि असलो तर आपल्या हातून होणार आहे.

ती गेली. तळ्याचं पाणी दोन दिवस सोडत होते. डबक्याएवढं पाणी उरलं आणि त्यात मासे दाटीनं फिरू लागले, तेव्हा पहिल्यांदाच ते सगळे एकदम दिसले. इतके मोठे झालेत, असं तिच्या मनात आलं, लग्नघरात खूप दिवसांनी भाचरं बघावीत तसं. कोंडिबा कमरेएवढ्या चिखलात उभा होता. बाकीची माणसं हैबतरावांकडून आली होती. हैबतराव म्हणजे तिथले मोठे जमीनदार, पाहुण्यांचं जेवण त्यांच्याच पुढाकारानं होतं. स्वभावानं मोकळे. गावतळ्यात मासे सोडायला सगळ्यांत आधी तेच तयार झाले होते, आणि पुढच्या पावसाळ्यात बाईंचं बीज टाकायचं असं त्यांनी चारचौघांत सांगूनही ठेवलं होतं. आता ते बांधावर उभे राहून, नव्या बिजाचा मासा याच्या दुप्पट होतो म्हणे, असं विचारत होते. माणसं जेवणाला गेल्यावर कोंडिबा वर आला, पायावरचा चिखल निपटत तिच्यापासून जरा लांब उभा राहिला.

"बाई, डाव्या-उजव्यांच्या चार जोड्या काढतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हैबतरावांच्या जुन्या हिरीत टाकू. तितं कोन जातंय?"

तिला ते आधीच सुचलेलं होतं. रात्रभर तिनं तेच केलं होतं, मनातल्या मनात. कुठली मादी, कुठला नर, ओल्या पोत्यात गुंडाळून कसे न्यायचे. आणि आता तोच विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिनं कारणं सांगितली. विहिरीत मासा विणत नाही. कोंडलेल्या पाण्यात वाढत नाही. चार जोड्यांवर जात टिकत नाही. पुन्हा भावाबहिणींचीच गाठ. सगळी कारणं खरी होती. ती बोलत असताना कोंडिबा मान हलवत होता, आणि ती स्वतःला ऐकत होती. या स्वच्छ, खऱ्या कारणांच्या खाली दुसरंच काहीतरी चिखलातल्या माशासारखं अंग घासत होतं. उद्या कुणी विचारलं तर? सरकारी मासे विहिरीत कुणी टाकले? नोकरी गेली तर ती कुठे जाणार होती? आईसमोर तांदूळ निवडायला. "नको, कोंडिबा," ती म्हणाली. तो बरं म्हणाला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यानं पुन्हा विचारावं म्हणून ती जरा वेळ तिथेच उभी राहिली, पण तो चिखलात उतरला होता.

संध्याकाळपर्यंत विक्रीच्या माशांनी ठेकेदाराचा ट्रक भरला. जेवणासाठी बर्फात ठेवायचे मासे तिनंच निवडले, कारण साहेबांनी मोठे ठेवायला सांगितलं होतं आणि मोठे कुठले हे तिला माहीत होतं. उजव्यांची थोरली त्यांतच होती. बांधावर टाकल्यावर ती बराच वेळ कल्ले उघडत-मिटत राहिली. अनसूयेनं कितीक मासे मारले होते, डोकी फोडून ग्रंथी काढल्या होत्या. तिला रक्ताचं काही वाटत नसे. तरी तिनं मान वळवली. मान वळवण्यासारखं एवढं काय झालं असं तिला वाटलं, आणि मग तसं वाटलं याचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी तळ्याजवळ मांडव उभा राहिला. रात्रभरात तळ्यात गुडघाभर नवं पाणी चढलं होतं. चुलीवर सखू होती, वरच्या वाडीवरची, केंद्रात रोजावर येणारी. मदतीला हैबतरावांच्या घरच्या बायका. अनसूया सकाळपासून त्यांच्यात उभी होती. पत्रावळ्या, मिठाची वाटी, लिंबाच्या फोडी, पाण्याची पिंपं. कालवण उकळायला लागलं तसा धूर आणि वास तिच्या पातळात शिरला. सखूनं पळीत रस्सा घेऊन तिच्यापुढे धरला, मीठ बघायला, मग एकदम आठवून पळी मागे घेतली. "तुमी खात न्हाई, व्हय." तूच बघ, असं अनसूयेनं सांगितलं. सखूनं फुंकर घालून रस्सा चाखला, डोळे मिटून मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचं ते साधं सुख बघून अनसूयेला परकं परकं वाटलं. सहा वर्षं आपण या माशांचं सगळं बघितलं, वजन, लांबी, पर, कणा. जगाला ते ज्याच्यासाठी हवे असतात, तेवढंच आपल्याला ठाऊक नाही.

पाहुणे मुंबईहून आले. गोरे, स्थूल, दमेकरी गृहस्थ, बोलायला गोड. आधी जेवण, मग समारंभ, असं ठरलं, कारण नव्या बिजाची गाडी घाटात अडकली होती. पंगत बसली. पाहुण्यांच्या उजवीकडे साहेब, डावीकडे हैबतराव. अनसूया लिंबाचं ताट घेऊन मागे उभी होती. पहिल्या घासाला पाहुणे थांबले. त्यांनी दुसरा तुकडा बोटांनी सोडवून बघितला आणि विचारलं की हा मासा कुठला, गोड्या पाण्यातला मासा आपण असा कधी खाल्ला नाही. साहेबांचं जेवण मनापासून चाललं होतं. ते खाणारे होते, काटे जिभेनं वेगळे करत सराईतपणे. त्यांनी तोंडातलं गिळलं, पाण्याचा घोट घेतला.

"आमच्याच केंद्रातला," ते म्हणाले. "मूळ साठ्याचा काही ठावठिकाणा नव्हता. त्यातून निवड करत करत सहा वर्षांत ही जात उभी केलीय. या आमच्या सोवनीबाईंनी." आणि त्यांनी मागे वळून, डाव्या हातानं, तिच्याकडे दाखवलं.

तिला कळेना. हेच शब्द ती त्यांना गेली दोन वर्षं सांगत होती. आपलं काम त्यांच्या कानावरून गेलंच नाही, अशी तिची समजूत होती आणि त्या समजुतीचा तिला आधार होता. आता कळलं, की त्यांनी सगळं ऐकलं होतं, लक्षातही ठेवलं होतं. आणि ते ऐकूनच तळं रिकामं करायला सांगितलं होतं. ते श्रेय चोरत नव्हते. मोकळ्या मनानं, पंगतीत, पाहुण्यांसमोर, तिचं नाव घेऊन देत होते. पाहुण्यांनी मान वळवून तिला नमस्कार केला, उजवा हात खरकटा म्हणून डावा कोपराला लावून. मग ते स्वाभाविकच म्हणाले, "अहो मग यांचंच बीज का देत नाही शेतकऱ्यांना?"

साहेबांचा हात पत्रावळीवर थांबला. हैबतरावही बघायला लागले. अनसूया म्हणाली, "संपले."

"संपले म्हणजे?"

"हे शेवटचे आहेत," ती म्हणाली.

पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले. "छे छे, बाई, मला आणखी नकोच आहेत. पोट तुडुंब भरलं." पंगत हसली. साहेबही हसले, अगदी मनापासून, सुटका झालेल्या माणसासारखे. आणि तिचं तोंडही हसल्यासारखं ताणलं गेलं; तिला गालांची कातडी ओढल्याचं जाणवलं. ती लिंबू वाढत पुढे सरकली.

हात धुताना पाहुणे साहेबांना म्हणाले की ज्या बाईनं ठावठिकाणा नसलेल्या माशांतून असं करून दाखवलं, तिच्याच हाती नवं शुद्ध बीज द्या. साहेब म्हणाले, त्यांच्याही मनात तेच होतं. पगारात काहीतरी वाढ होईल, पुण्यात बसायला जागा मिळेल. गावतळ्यांना बीज जाईल त्या प्रत्येक डब्याबरोबर जात शुद्ध असल्याची सही तिची. कराल ना, असं साहेबांनी तिला विचारलं. ती हो म्हणाली. नाही म्हणायला पुरेसा वेळ होता. पाहुणे टॉवेलनं एकेक बोट पुसत होते, ते पुसून होईपर्यंत नाही म्हणता आलं असतं. चार वाजता गाडी आली. डब्यांची झाकणं उघडली, पाण्यात बोटाएवढी पिल्लं चमकत होती. तिनं सवयीनं वाकून बघितलं. त्या वयात कुणालाच काही सांगता येत नाही. डोकं कुणाचं, ओठ कुणाचे हे अजून उमटायचं होतं. पाहुण्यांनी डबा तळ्यात उपडा केला, टाळ्या वाजल्या, आणि साहेबांनी शिक्क्याचा कागद घडी न मोडता तिच्या हातात दिला.

मोटारी गेल्यावर बायकांची पंगत बसली. तिच्यासाठी पिठलं-भाकरी वेगळी ठेवली होती. ती सखूच्या शेजारी मांडी घालून बसली. कोंडिबा कुठे दिसत नाही, तो जेवला का, असं तिनं विचारलं.

"न्हाई जेवला," सखू म्हणाली. "घरला गेला. म्या म्हनलं, रस्सा तरी घे. तर म्हनला, वळखीचं हायेत, घशाखाली उतरायचं न्हाईत."

समोरचं पिठलं गार होऊन त्यावर साय धरली होती. अनसूयेनं ते बाजूला सारलं आणि मला त्या कालवणातलं वाढ, असं सखूला सांगितलं. सखूनं एकदा तिच्याकडे बघितलं, दुसऱ्या बायकांकडे बघितलं, आणि तळातला एक तुकडा काढून तिच्या पत्रावळीवर ठेवला. कसा खायचा ते तिला येत नव्हतं. सखूनं काटा काढून दाखवला. आता काहीतरी होईल, ओकारी येईल, रडू येईल, निदान हात थरथरेल, म्हणून तिनं वाट पाहिली. तिखट लागलं, थोडा चिखलाचा वास आला, आणि मग मऊ, चांगलं लागलं. सकाळपासून ती उभी होती आणि तिला भूक लागली होती. तिनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला आणि रस्सा आहे का, असं सखूला विचारलं.